स्कॉटलंडमधील वडिलोपार्जित बॅरनी आणि जमीन : या चुका टाळा

स्कॉटलंडमधील सरंजामी जमीनधारणा २८ नोव्हेंबर २००४ रोजी संपली आणि शतकानुशतके जमिनीला जोडलेली बॅरन ही सरदारकीची पदवी, म्हणजेच बॅरनी, त्या दिवसापासून जमिनीपासून सुटी झाली. ही जमीनधारणा संपवणाऱ्या २००० सालच्या कायद्याने पदवी रद्द केली नाही, तिला अमूर्त स्थावर मालमत्ता ठरवून कायम ठेवले. घराण्यांच्या बहुतेक चुका हा बदल कागदपत्रांत न उतरवल्यामुळे होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे इस्टेट मुलाच्या नावे करताना केवळ जमिनीचे वर्णन लिहिणे आणि पदवी आपोआप तिच्यामागे जाईल असे मानणे. पूर्वी बॅरनीचे मुख्य ठाणे, म्हणजे बहुधा जुनी गढी, ज्याच्या मालकीचे असे त्याच्याकडे पदवी जात असे. आता हस्तांतरणपत्रात आणि मृत्युपत्रात तिचा स्वतंत्र, नावानिशी उल्लेख हवा. चूक होऊन गेली असेल, तर २८ नोव्हेंबर २००४ रोजी बॅरनी कोणाकडे होती हे आधी निश्चित करावे आणि तेथून आजपर्यंतच्या दस्तांची साखळी वकिलाकडून जुळवून घ्यावी. गढी नंतर विकली गेली एवढ्यावरून पदवीही गेली, असे समजून हताश होऊ नये.

पदवीची नोंद सरकारी भूनोंदवहीत होत नाही. बॅरनींची एक खाजगी नोंदवही आहे, ती उपयुक्तही आहे; परंतु तिच्यातील नोंदीला सरकारी हमी नसते, म्हणून मूळ दस्त निष्काळजीपणे ठेवणे परवडणारे नाही. सनदेतील ‘खड्डा आणि फाशी’च्या, म्हणजे गुन्हेगारांना मृत्युदंड देण्याच्या, अधिकारावर मात्र वेळ घालवू नये, कारण बॅरनांचे न्यायाधिकार १७४६ च्या कायद्यानेच नाममात्र उरले होते आणि २००० च्या कायद्याने तेही संपले.

जमिनीच्या बाबतीत १६१७ पासूनच्या सेझिन नोंदवहीवर, म्हणजे जमिनीच्या दस्तांच्या जुन्या सरकारी नोंदवहीवर, विसंबून राहणे धोक्याचे आहे. ८ डिसेंबर २०१४ पासून बक्षीसपत्राने दिलेली जमीनही नकाशाधारित भूनोंदवहीत नोंदवावी लागते, आणि जुन्या दस्तांतील मोघम सीमा तेथे अडचणीच्या ठरतात. शेजाऱ्याच्या नोंदवलेल्या दस्तात तुमच्या जमिनीची एखादी पट्टी मोडत असेल आणि त्याची उघड, शांततापूर्ण, न्यायालयीन हरकतीविना सलग १० वर्षे वहिवाट झाली असेल, तर तुमचा हक्क बुडू शकतो. म्हणून मोजणी लवकर करून घ्यावी. नदीतील सामन मासेमारीचा हक्क जमिनीहून वेगळी मालमत्ता असतो, तो काठाच्या मालकीबरोबर आपसूक मिळत नाही. त्याचा दस्त स्वतंत्रपणे तपासावा.