टेलिस्कोप नंतर घ्या, आधी गच्चीवर सळई उभी करा

सुट्टी लागली की कोण ना कोण विचारतंच, पोराला आकाशाचं लय वेड आहे, कुठला टेलिस्कोप घेऊ? माझं उत्तर ठरलेलं, सध्या काही घेऊ नका, वेल्डिंगवाल्याकडं जा आणि चौकोनी लोखंडी प्लेटवर एक मीटरची सळई सरळ उभी जोडून आणा. दुर्बीण आकाशाकडं वळली ती 1609 च्या सुमाराला, त्याच्या आधी दोन हजार वर्षं तरी माणसानं सावली मोजूनच सूर्याचा हिशोब लावला. आपल्या ग्रंथांत ह्या काठीला शंकू म्हणतात, 12 अंगुळांचा. आणि उन्हाला सोलापुरात काय तोटा नाही.

सळई ओळंबा लावून तपासाच. मी पहिल्यांदा नुसत्या डोळ्यानं लावली होती, पंधरा दिवस आकडे लिहिले आणि एक काही जुळेना, शेवटी शेजारी गिलाव्याला आलेला मिस्त्री लांबूनच म्हणाला, "ओ मालक, वाकडी हाय की ती." गच्चीला पाण्यासाठी ढाळ असतोच, तेव्हा लेव्हल ट्यूब लावून सपाट जागा शोधा, नसली तर शहाबादी फरश्या मांडून घ्या. जुन्या घराच्या माळवदावर हे करायला जाऊ नका, तिथं सपाट काहीच मिळत नाही.

आता दिशा काढायच्या. मोबाइलचं होकायंत्र वापरू नका, स्लॅबमधल्या लोखंडानं ते भरकटतं. शुल्बसूत्रांतली, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या जुन्या ग्रंथांतली, रीत सोपी आहे, काठीएवढीच दोरी घ्यायची आणि काठीभोवती वर्तुळ काढायचं, म्हणजे आपलं एक मीटरचं. सकाळी सावली लांब असते, ती आखडत आखडत तिचं टोक वर्तुळावर आलं की खूण करा, दुपारनंतर ती परत वाढून वर्तुळाला शिवेल तिथं दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळाली, तिला काटकोनात काठीतून जाणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. सोलापुरात भर डिसेंबरातसुद्धा दुपारची सावली एक मीटरच्या आत येते, त्यामुळं हे वर्तुळ बाराही महिने चालतं.

सावली ह्या उत्तर-दक्षिण रेघेवर आली की आपला खरा मध्यान्ह. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात बरं का, आपलं घड्याळ चालतं 82.5 रेखांशावर आणि सोलापूर आहे 76 च्या जवळ, एका अंशाला 4 मिनिटं धरली की मध्यान्ह सरासरी 12 वाजून 26 मिनिटांनी येतो. तोही स्थिर नाही, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10 ला येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12:40 ला, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे.

ह्या मध्यान्हीची सावली रोज नाही जमली तरी आठवड्यातून एकदा मोजा. 21 मार्चच्या आसपास, सूर्य विषुववृत्तावर असताना, ती 32 सेंटीमीटर येईल. कॅल्क्युलेटरवर 0.32 चा व्यस्त टॅन (tan⁻¹ चं बटण) काढला की 17.7 अंश येतात, म्हणजे सोलापूरचा अक्षांश, नकाशा न उघडता. मेच्या 10-11 तारखेच्या आसपास आणि परत ऑगस्टच्या 2-3 ला मध्यान्हीला सावली गायब होते, शून्य सावली. ऑगस्टला ढगांचा भरवसा नाही, मेचा दिवस सोडू नका, टोपी घाला आणि पाणी जवळ ठेवा. ह्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली दक्षिणेला पडते, ते बघून मोठी माणसंही चक्रावतात.

शून्य सावलीच्या दिवशी खरी मजा करायची तर जळगावला कोणीतरी ओळखीचं शोधा. जळगावच का, तर ते सोलापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे, सरळ रेषेत साधारण 370 किलोमीटर (एसटीचं अंतर धरू नका). त्यांनी तशीच सळई उभी करून त्यांच्या मध्यान्हीची सावली मोजायची, ती 5.8 सेंटीमीटरच्या आसपास येईल, म्हणजे 3.3 अंश. 360 भागिले 3.3, गुणिले 370, उत्तर 40 हजारांच्या आसपास, झाला पृथ्वीचा घेर. इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसनं इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात हेच केलं, सायीनला सावली नाही आणि अलेक्झांड्रियाला 7.2 अंश, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगावजवळ पाटणला, भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. तेव्हा ह्या कामाला जळगावच शोभतं.

एक अडचण सांगून ठेवतो. सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून मीटरभर काठीच्या सावलीचं टोक 9 मिलिमीटर धूसर दिसतं. धूसर पट्ट्याचा मध्य धरा आणि रोज तसाच धरा. जळगावच्या मापात 5 मिलिमीटर चुकले तर घेर साडेतीन हजार किलोमीटरनं इकडंतिकडं होतो. एवढ्यातेवढ्याचं काय असं म्हणू नका, खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं मंगळाचं गणित टायको ब्राहेनं आकाश बघून केलेल्या नोंदींशी फक्त 8 कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जुळत नव्हतं, त्यानं ते झटकून टाकलं नाही म्हणून तर ग्रहांच्या कक्षेचं वर्तुळ गेलं आणि लंबवर्तुळ आलं.

हिवाळ्यात अजून एक करा. 22 डिसेंबरची सावली 87 सेंटीमीटर, वर्षातली सगळ्यात लांब, आणि तिथून ती आखडायला लागते, म्हणजे उत्तरायण सुरू. आपण संक्रांत धरतो 14 जानेवारीला, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, आणि तोवर सावली 81 वर आलेली असते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच सुमाराला यायचं, पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, 72 वर्षांत एक अंश, म्हणून तारखा सरकल्या. ग्रीक हिप्पार्कसच्या हे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात लक्षात आलं होतं, आपल्याकडं त्याला अयनचलन म्हणतात.

खुणा मात्र खडूनं करू नका, ऑइल पेंटनं करा आणि शेजारी तारीख लिहा. माझ्या दोन वर्षांच्या खुणा एका वळवात धुऊन गेल्या.