सेंट्रल लाइन टाकण्याआधी

पहिला प्रश्न ट्रॉली लावण्याआधीचा: ही लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, खरंच हवी आहे का? हवीच असेल तर प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) आणि रक्त पातळ करणारी औषधं बघून घ्या. रक्त नीट गोठत नसेल तर सबक्लेव्हियन (कॉलरबोनखालची शीर) टाळा. हाडाआडची ती शीर किंवा शेजारची धमनी बाहेरून दाबून धरता येत नाही. एक फुफ्फुस आधीच खराब असेल तर लाइन त्याच बाजूला टाका, म्हणजे न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा शिरून ते आक्रसणं) झालाच तरी चांगलं फुफ्फुस वाचेल. मानेतून टाकताना डोक्याकडची बाजू खाली हवी, पण धाप लागलेल्या पेशंटला बळजबरीने आडवं करू नका.

टोपी, मास्क, स्टराइल गाऊन आणि ग्लोव्हज, पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत ड्रेप (निर्जंतुक चादर). त्वचेला लावलेलं अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) पुसू नका, आपोआप वाळू द्या. नियम मोडलेला दिसला की थांबवायचा अधिकार सिस्टरांना आहे, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा. माझ्या मते ही तयारीही गाऊनइतकीच महत्त्वाची.

सोनोग्राफीत शीर आधी बघा आणि सुई आत जातानाही बघत राहा. खरा धोका डायलेटरचा, म्हणजे नळीसाठी वाट रुंद करणाऱ्या जाड दांडीचा. मानेतल्या धमनीला बारीक सुई लागली तर बहुतेकदा दाब देऊन निभावतं, पण तिच्यात डायलेटर गेला की प्रकरण सर्जनकडे जातं. सुई शिरेत आहे की धमनीत हे ठरवताना शॉकमधल्या (रक्तदाब कोसळलेल्या) पेशंटमध्ये रक्ताच्या रंगावर किंवा उसळीवर विसंबू नका. गाइडवायर (सुईतून आत सरकवलेली तार, जिच्यावरून नळी जाते) शिरेतच आहे हे सोनोग्राफीचा प्रोब आडवा आणि उभा धरून दिसल्याशिवाय डायलेटर हातात घेऊ नका. चुकून धमनीत मोठी नळी गेलीच तर ती उपसू नका. तशीच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनना बोलवा.

वायर एका हाताने सतत धरलेली हवी. मॉनिटरवर एक्टोपिक (हृदयाचे अवेळी ठोके) दिसले की मागे घ्या. वायर बाहेर आल्यावर दुसऱ्या माणसाने ती डोळ्यांनी बघून ‘वायर बाहेर’ म्हणायचं. ती आत राहून जाणं पूर्णपणे टाळता येतं, म्हणून इथे सवलत नाही. सगळे ल्युमेन (नळीतले वेगवेगळे मार्ग) आधीच सलाईनने भरलेले आणि, वायर ज्यातून बाहेर येते तो सोडून, क्लॅम्प केलेले असावेत, नाहीतर हवा आत ओढली जाते.

मग छातीचा एक्स-रे. लाइन का ठेवली आहे, हे रोज राउंडला विचारा. काढतानाही डोकं खाली घ्या, पेशंट श्वास सोडत असताना ओढा, दाबून धरा आणि हवाबंद ड्रेसिंग लावा.