वाटणी होईपर्यंत कोकणातलं बंद घर उभं कसं ठेवायचं

भावकीचा निर्णय व्हायला चार-पाच पावसाळे सहज जातात. घर तेवढं थांबत नाही. पूर्वी चुलीच्या धुराने वासे कोरडे राहायचे आणि कीडही लांब राहायची. चूल थंडावली की आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या लाकडापासून, कुजायला सुरुवात होते.

म्हणून आधी छप्पर, कागद नंतर. शाकारणी, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करणं, मेच्या मध्यापर्यंत उरका. मृग लागायच्या तोंडावर माणूस मिळत नाही. भर दुपारी दारं लावून आत अंधारात उभे राहा: जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथलं कौल सरकलंय किंवा फुटलंय. वानरांचा उपद्रव असेल तर असे ठिपके दरवर्षी नवे सापडतील. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण 15 लागतात. दुकानात जाताना घरचं एक कौल बरोबर न्या, कारण प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, आणि न बसणारं कौल पहिल्या वाऱ्यात सरकतं.

वासा वरून धड दिसतो, पण भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं. तिथे डिसमिस टोचून पाहा. बोटाच्या पेराएवढं सहज आत गेलं तर तो वासा बदलायचा. तसाच ठेवला तर पाखं (छपराची उतरती बाजू) खाली बसतं, पाणी भिंतीच्या माथ्यावर येतं आणि चिऱ्यांमधली (जांभ्याच्या दगडांमधली) माती धुऊन जाते. भिंत पडते ती बहुधा अशी. कौलांवर चढायचंच असेल तर पाय वाशाच्या रेषेवरच ठेवा.

भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. जांभा ओल पितो आणि सोडतो. सिमेंटने ती आत कोंडते, मग पापुद्रे सुटतात. 1 भाग चुना, 3 भाग वाळू पुरे. पिंपळाचं रोप नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. बोटभर आहे तोवर मुळासकट काढा आणि फट बुजवा. पडलेले चिरे हाताने उचलू नका, आधी काठीने हलवा. फुरसं (छोटा विषारी साप) त्यांच्याखाली बसलेलं असू शकतं.

पावसाआधी पडवीला झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा, वीज मेन स्विचवर बंद करा. गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन महिन्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडायला सांगा. जमेल तेव्हा चुलीत नारळाची सोडणं (वरची सुकी सालं) पेटवून धूर करावा, पण माणूस समोर हवा. फुकट सांगितलेलं काम दोन महिन्यांत बंद पडतं.

आता कागद. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कराचा उतारा आहे, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. सातबारा, किंवा गावठाणात असल्यास मिळकत पत्रिका काढा आणि वारस नोंद करून घ्या. हक्कसोड पत्र (आपला हिस्सा सोडल्याचा कागद) नोंदणीकृतच हवं, नोटरीचं चालत नाही. आत्यांच्या सह्या राहिल्या तर गिऱ्हाईक तयार असूनही व्यवहार अडतो, आणि हे फार घरांत होतं.

आढं खचलं असेल आणि दुरुस्तीला कुणी पैसे घालणार नसेल, तर घर पावसात कोसळू देण्यापेक्षा सगळ्यांच्या लेखी संमतीने उतरवा. आधी कौलं, मग वासे, शेवटी चिरे. सागवानी खांब आणि दारांच्या चौकटींवर नंबर घालून हे सगळं पावळीपासून (छपराचं पाणी गळतं तिथून) लांब, विटांवर ठेवा.