आतड्यातील उपयुक्त जिवाणूंना काय खाऊ घालावे?
मोठ्या आतड्यातील फिकॅलिबॅक्टेरियमसारखे उपयुक्त जिवाणू अन्नातील न पचलेल्या तंतूंपासून ब्युटिरेट नावाचे मेदाम्ल तयार करतात; तेच आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असते आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींनाही (रोगप्रतिकारक यंत्रणेतील पेशी) त्याने बळ मिळते. म्हणून सातारकरांनी कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्याचा एक तंतुमय प्रकार) आठवड्यातून दोन-तीनदा आवर्जून करावा: रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवावा. सोबत ज्वारीची भाकरी घ्यावी. प्रमाण हळूहळू वाढवावे, अन्यथा पोट फुगते. शौचातून रक्त पडत असल्यास किंवा आतड्याचा दाह आधीपासून असल्यास मात्र प्रथम डॉक्टरांना दाखवावे. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत, कारण त्यांनी हे उपयुक्त जिवाणूही मरतात.