बँक फीड चालू आहे, पण बॅलन्स जुळतोय का?

व्हाउचर (व्यवहाराची नोंद) मारता येतात आणि बीआरएस, म्हणजे बँकेशी ताळमेळ, कशाशी खातात हे माहीत आहे, असं धरून लिहितोय. बँकेचे व्यवहार आपोआप अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणणारं फीड जोडणं सोपं आहे: लॉगिन, ओटीपी, परवानगी, झालं. कटकट सुरू होते ती परवानगी संपल्यावर. अकाउंट अ‍ॅग्रीगेटरची (खातेदाराच्या संमतीने बँकेचा डेटा पोहोचवणारी) सोय सप्टेंबर 2021 पासून आहे, पण त्यातल्या संमतीला मुदत असते. थेट लॉगिनवर चालणारं फीड क्लायंटने पासवर्ड बदलला तरी बंद पडू शकतं. आणि ते गुपचूप बंद पडतं. कोपऱ्यातली 'शेवटचं अपडेट' ही तारीख तेवढी पुढे सरकत नाही. रोज आधी ती बघा.

आता ज्याने माझा अख्खा मार्च खाल्ला ते सांगतो. फीड 12 जुलैला थांबलं. 20 तारखेला 3बी (जीएसटीचा मासिक रिटर्न) भरायचा, म्हणून घाईत 1 ते 18 जुलैचं स्टेटमेंट एक्सेलमधून आत घेतलं. दोन दिवसांनी क्लायंटने ओटीपी दिला, फीड सुरू झालं आणि त्याने 13 तारखेपासूनचं सगळं पुन्हा ओढलं. सॉफ्टवेअर डुप्लिकेट पकडतं म्हणतात. पकडतं, पण तारीख, रक्कम आणि नरेशन (व्यवहाराचा तपशील) जुळलं तर. एक्सेलमध्ये 14 तारीख आणि पूर्ण यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक). फीडमध्ये 15 तारीख आणि नरेशन अर्ध्यात तुटलेलं. झाल्या दोन नोंदी.

त्यातली एक होती 46,400 ची. एका पार्टीला दरमहा 40,000 चं मेंटेनन्सचं बिल, 18 टक्के जीएसटी, वजा 800 टीडीएस (आम्ही तो बिलासोबतच नोंदतो). पहिली नोंद जूनच्या बिलाला लागली. दुसरीला सॉफ्टवेअरने जुलैचं बिल सुचवलं, कारण रक्कम पैशापैशाने तीच! एक क्लिक, आणि न आलेले पैसे जमा. येणं बाकी दिसेना, म्हणून वसुलीचा फोन कोणी करेना. मार्चमध्ये त्या पार्टीनेच कळवलं की जुलैचं बिल त्यांच्या वहीत देणं दिसतंय. भला माणूस.

तेव्हा एक्सेल घेताना फीड जिथे थांबलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच घ्या. फीड पुन्हा जोडताना सुरुवातीची तारीख विचारली तर एक्सेल संपतं त्यापुढची द्या; विचारली नाही तर आलेल्या ओळी व्हाउचर होण्याआधीच वगळा. व्हाउचर झाल्यावर काढलात तर ते एडिट लॉगमध्ये (नोंदींतल्या प्रत्येक बदलाची सॉफ्टवेअरमधली यादी) राहतं. कंपन्यांना तो 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. घाबरू नका, कारण लिहून काढा, ऑडिटर खात नाही.

मग स्टेटमेंटचा क्लोजिंग बॅलन्स आणि आपला बॅलन्स समोरासमोर ठेवा. न वटलेले चेक सोडून 17.70 चा फरक आला तर बहुधा एसएमएस चार्जेस. 46,400 आला तर तीच रक्कम शोधा. हे आठवड्याला केलं तर फार वेळ जात नाही, खरंच.

'सस्पेन्सला (न उलगडलेल्या रकमांच्या खात्यात) टाक, मार्चला बघू' म्हणणाऱ्या सीनियरकडून चहा घ्या, काम शिकू नका. रूल लावून आपोआप नोंदी मंजूर करणंही मला पटत नाही. बँक चार्जेसपुरतं ठीक; पार्टीच्या जमा रकमेला हात लावू देऊ नका.

आणि ओटीपी क्लायंटच्या साहेबांच्या मोबाइलवर जातो. 19 तारखेला संध्याकाळी ते हमखास लग्नात असतात. दहा तारखेच्या आत मागून फीड जोडून घ्या.