दुर्गम पाड्यावरील द्विशिक्षकी शाळेत रुजू होताना

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यात एखाद्या पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झाली की रस्ता, नेटवर्क आणि राहण्याची सोय यांची चिंता आधी वाटते. ती रास्त आहे, पण या गोष्टी हळूहळू अंगवळणी पडतात. खरी कसोटी वर्गात लागते, कारण समोरची मुले पावरी किंवा भिली बोलतात आणि पाठ्यपुस्तक मराठीत असते. म्हणून तयारीची सुरुवात मुलांच्या बोलीपासूनच करावी.

पहिल्या पंधरवड्यात धडे पुढे नेण्याची घाई करू नये. एक स्वतंत्र वही करून नाती, शरीराचे अवयव, गुरे, झाडे आणि शेतीची कामे यांचे शब्द मुलांनाच विचारून देवनागरीत लिहून घ्यावेत. त्याहीआधी ‘पोट दुखते’, ‘समजले नाही’, ‘घरी कोण आहे?’ अशी वाक्ये शिकावीत. ज्या मुलाला आपली अडचण शिक्षकाला सांगताच येत नाही ते गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला मंदपणा समजले गेले की त्याचे वर्षच वाया जाते. शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 29 मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटलेलेच आहे, तेव्हा वर्गात बोली वापरताना अजिबात संकोच बाळगू नये. मुलाने गोष्ट बोलीत सांगावी, तिचे चित्र काढावे आणि त्या चित्राखाली शिक्षकाच्या मदतीने एक मराठी वाक्य लिहावे, या क्रमाने मराठी वर्गात आणता येते.

साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात, आणि त्यांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार असल्याने बैठकीच्या दिवशी सगळे वर्ग एकट्यालाच सांभाळावे लागतात. अशा वेळी इयत्तेनुसार रांगा न करता अक्षरे न ओळखणारी, शब्द वाचणारी आणि उतारा वाचून समजणारी असे गट करावेत. सकाळचा पहिला तास पहिल्या गटासोबतच बसावे; इतर गटांना द्यायचे काम आदल्या संध्याकाळीच तयार ठेवावे, कारण ऐनवेळी सुचलेले काम फार वेळ पुरत नाही.

पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीसाठी दर विद्यार्थी दररोज 100 ग्रॅम या हिशेबाने असतो. तो वजन करूनच उतरवून घ्यावा आणि साठ्याची नोंद त्याच दिवशी करावी. ऑनलाइन माहिती तालुक्याच्या गावी जाल तेव्हा एकत्र भरावी. सर्पदंशासाठी सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे पोहोचवू शकणारी गाडी कोणाची, हे मात्र पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. सभा दुपारी शाळेत ठेवली तर ही माणसे शेतावर असतात आणि कागदावर केवळ अंगठे उरतात. त्यापेक्षा संध्याकाळी पाड्यावर, आठवडी बाजाराचा दिवस टाळून बसावे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. या स्थलांतराचा विचार दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केला तर उशीर झालेला असतो, म्हणून त्याआधीच घरोघर जाऊन कोणते मूल आजीआजोबांकडे राहू शकेल याची यादी करावी आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत वेळेत पाठवावा. ज्यांना जावेच लागते त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवून शिक्षण सुरू ठेवता येईल असे कार्ड, द्यावे आणि मुकादमाचा फोन क्रमांक आपल्याकडे लिहून ठेवावा. मूल परतल्यावर, इयत्ता पुढे गेली म्हणून त्याला थेट चालू धड्यावर बसवू नये. आधी त्याच्याकडून वाचून घ्यावे आणि त्याला जमेल त्या गटापासून शिकवणे पुन्हा सुरू करावे.