अभयारण्यात सापडलेल्या काजूबागायतीचा दावा कसा भरावा

गोव्यातली म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यं १९९९ साली जाहीर झाली, तरी सत्तरी-सांग्यात आजही कोणीतरी विचारतोच, 'आमच्या बागायतीचं काय?' कायदा बदलला, आता जमीन सुटणार, असंही कानावर येतं. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या याद्या, सहाच्या चार झाल्या. बागायतीचा दावा मात्र अजून स्वतःच भरावा लागतो.

एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) आणि सर्व्हेचा नकाशा आधी काढा.

जमीन खासगी असेल तर दावा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे, त्यांनी दावे मागवणारी उद्घोषणा काढल्यापासून दोन महिन्यांत. सरकारी वनजमिनीवर कसत असाल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावच्या वनहक्क समितीकडे; तिथे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची वहिवाट लागते. 'एकच अर्ज दोन्हीकडे टाक' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता खरी मेख. कायदा विचारतो हक्क कसला आणि किती. माझ्या पहिल्या अर्जात आजोबांनी लावलेल्या काजूंवर तीन पानं होती, पोटविभागाचा क्रमांक कुठेच नव्हता. अर्ज परत आला. सत्तरीत पंचाईत अशी की उताऱ्यावर नाव मोकासदाराचं, म्हणजे जुन्या जमीनदाराचं, क्षेत्र अवाढव्य, आणि आपली बाग त्यातली एक पट्टी. 'सर्व्हे नंबर अमुक' एवढंच लिहिलंत तर तुम्ही अख्खा डोंगर मागताय असं वाटतं. म्हणून चतुःसीमा लिहा: पूर्वेला व्हाळ (ओढा), पश्चिमेला गडगा (दगडी कुंपण), उत्तरेला कोणाची बाग, दक्षिणेला कुठली पायवाट. क्षेत्र चौरस मीटरमध्ये. हाताने काढलेला नकाशा चालतो, पण तो सर्व्हेच्या नकाशावर बसला पाहिजे. सोबत घरपट्टी, काजूबी विकल्याच्या पावत्या, कृषी कार्ड. वाघ नको, वनखातं नको असलं एक वाक्यही घालू नका. तो राग ग्रामसभेत काढा.

नुसती भरपाई मागू नका. वन्यजीव कायद्याच्या कलम २४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांशी सल्लामसलत करून जिल्हाधिकारी हक्क तसाच चालू ठेवू शकतात. तीच मागणी पहिली लिहा, भरपाई दुसरी. पैसे दोन वर्षांत संपतात, काजू दर उन्हाळ्यात लागतो.

अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या.

पाहणीच्या दिवशी बागेत स्वतः हजर राहा. आदल्या दिवशी कोयता घेऊन गडग्यावरच्या वेली तोडून ठेवा; गडगा दिसला पाहिजे.